अर्धी तुटलेली दाढ: इनले आणि ऑनले म्हणजे काय, ते कधी करावे?

समजा, शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीच्या एका घरी वरण-बट्टीचा बेत आहे. बट्टीची कडक कड चावताना चाळिशीतल्या एका ताईंच्या दाढेचा तुकडा पडतो. त्या दाढेत सात-आठ वर्षांपूर्वी सिमेंट भरलेले होते. आता आतला भाग उघडा पडला आहे, जिभेला धारदार कड लागते, पण दुखत मात्र नाही. मग सल्ले सुरू होतात. शेजारीण म्हणते, "काढून टाक, कटकट मिटेल." मुलगा म्हणतो, "कॅप बसवू." यजमान म्हणतात, "पुन्हा सिमेंट भरून घे, स्वस्तात होईल." शेवटी ताईच ठरवतात, "दुखत नाही ना, मग राहू दे."

या सगळ्यांत एक पर्याय कुणाला सुचत नाही. सिमेंट भरून भागणार नाही इतकी दाढ तुटली आहे, पण कॅपसाठी चारही बाजूंनी कोरावी इतकीही ती खराब झालेली नाही, अशा दाढेसाठी इनले किंवा ऑनले हा मधला मार्ग असतो. मात्र तो ठरावीक काळापुरताच उपलब्ध असतो. तुटलेली दाढ तशीच चालवत राहिले, तर काही महिन्यांत तीच दाढ रूट कॅनालच्या किंवा काढण्याच्या टप्प्याला पोहोचू शकते.

इनले आणि ऑनले म्हणजे काय?

दाढेचा माथा सपाट नसतो. त्यावर चार-पाच उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खाचा असतात. अन्न दळण्याचे काम हे उंचवटे करतात.

- इनले: दाढेच्या उंचवट्यांच्या मधल्या खळग्यात तंतोतंत बसणारा, तोंडाबाहेर तयार केलेला तुकडा. अंगठीच्या कोंदणात खडा बसवतात, तसा तो बसतो.
- ऑनले: मधला खळगा भरून एक किंवा अधिक उंचवट्यांवरही येणारा तुकडा. दाढेची कमकुवत भिंत तो वरून झाकतो.
- कॅप: दाढ सर्व बाजूंनी कोरून तिच्यावर टोपीसारखे बसवलेले पूर्ण आवरण.

नेहमीचे सिमेंट मऊ अवस्थेत थेट दाढेत भरले जाते आणि तिथेच घट्ट होते. इनले-ऑनले आधी माप घेऊन लॅबमध्ये किंवा मशीनवर बनवतात आणि मग दाढेला चिकटवतात. म्हणून त्याचा आकार, शेजारच्या दाताशी होणारा स्पर्श आणि चावताना लागणारी उंची अधिक नेमकी साधता येते.

ही पद्धत नवी नाही. १९०७ मध्ये विल्यम टॅगर्ट या अमेरिकन दंतवैद्यांनी मेणाचा साचा वितळवून त्या जागी सोने ओतण्याची रीत दंतवैद्यकात रूढ केली. आपल्याकडे ओतीव मूर्ती ज्या तत्त्वावर बनतात, तेच हे तत्त्व. १९८५ मध्ये झुरिच विद्यापीठात संगणकाच्या मदतीने कोरलेला सिरॅमिक इनले रुग्णाला त्याच बैठकीत बसवण्यात आला. आजची 'एका दिवसात दात' ही सोय त्यातूनच आली.

मोठ्या खड्ड्यात पुन्हा सिमेंट का भरू नये?

खड्डा लहान असेल तर सिमेंट हाच योग्य आणि स्वस्त उपाय आहे. अडचण मोठ्या खड्ड्यात येते. दाढेचा मधला भाग गेला की बाजूच्या भिंती एकट्या उभ्या राहतात. लाकूड फोडताना पाचर ठोकतो, तसे मधले मोठे सिमेंट प्रत्येक घासाला भिंतींना बाहेर ढकलत राहते. एके दिवशी बट्टी, सुपारी किंवा उसाचे कांडे चावताना भिंत निखळते. भेग हिरडीच्या वर थांबली, तर दाढ वाचवता येते. ती मुळापर्यंत गेली, तर बहुतेक वेळा दाढ काढावीच लागते.

ऑनले उंचवट्यांना वरून धरून ठेवते. त्यामुळे चावण्याचा दाब भिंती फाकवत नाही, तो खाली मुळांकडे जातो.

मग सरळ कॅपच का नको?

कॅप हा चांगला उपचार आहे आणि काही दाढांना तोच लागतो. पण कॅप बसण्यासाठी दाढ सगळीकडून कमी करावी लागते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत कॅपसाठी दाताच्या हिरडीवरील भागापैकी सुमारे ६७ ते ७६ टक्के भाग कोरला जातो, तर चिकटवून बसवण्याच्या इनले-ऑनलेसाठी सुमारे ५ ते २७ टक्के, असे आढळले.

दाताचे वरचे कवच म्हणजे इनॅमल. शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ तोच, पण एकदा गेला की तो पुन्हा तयार होत नाही. म्हणून चांगला भाग शिल्लक असेल तर तो राखावा, असा आजचा विचार आहे. आज ऑनले केलेल्या दाढेला पुढे १०-१५ वर्षांनी गरज पडली, तर कॅप करता येते. कॅपसाठी कोरलेली दाढ मात्र पुन्हा ऑनलेकडे परत येऊ शकत नाही.

कोणत्या दाढेला काय?

अंतिम निर्णय दाढ स्वच्छ करून, कीड काढून, एक्स-रे पाहिल्यावरच होतो. तरी साधारण हिशोब असा असतो:

- खड्डा लहान, भिंती जाड: सिमेंट
- खड्डा मध्यम, पण सर्व उंचवटे भक्कम: इनले किंवा सिमेंट
- एखादा उंचवटा तुटलेला, किंवा उरलेली भिंत २ मिलिमीटरपेक्षा बारीक: ऑनले
- रूट कॅनाल झालेली दाढ, काही भिंती शाबूत: उंचवटे झाकणारे ऑनले किंवा कॅप
- चारही बाजूंनी किडलेली, फार थोडा भाग उरलेली: कॅप, गरजेनुसार आतून आधार देऊन
- मुळापर्यंत चिरलेली किंवा हिरडीच्या फार खाली किडलेली: बहुधा काढणे

खालील परिस्थितीत ऑनले लगेच करत नाहीत:

- कीड नसेपर्यंत पोहोचली असेल, रात्री दाढ ठणकत असेल किंवा गरम लागल्यावर कळ बराच वेळ राहत असेल. आधी नसेचा उपचार लागतो.
- हिरड्या सुजलेल्या असतील, त्यातून रक्त येत असेल किंवा दाढ हलत असेल.
- तोंडात अनेक दातांना नवी कीड असेल. आधी कीड आटोक्यात आणावी लागते, नाहीतर ऑनलेच्या कडेने ती पुन्हा लागते.
- दाढेची कड हिरडीच्या इतकी खाली असेल की तिथे लाळ आणि रक्त अडवून कोरडेपणा ठेवता येत नाही. ओल्या जागी ऑनले नीट चिकटत नाही.

लहान मुलांच्या दुधाच्या दाढांसाठी हा उपचार नसतो. मात्र एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या दातांच्या मागे येणारी दाढ कायमची असते. तिच्या जागी दुसरी येत नाही. 'दुधाचीच आहे, पडेल' असे समजून ती किडू देऊ नये.

कोणत्या पदार्थाचे बनवतात?

- सिरॅमिक: रंग दातासारखा, डाग धरत नाही. लिथियम डायसिलिकेट हा प्रकार मजबूत आणि नीट चिकटणारा असल्याने बराच वापरला जातो. उंचवट्यांवर त्याला साधारण १.५ ते २ मिलिमीटर जाडी लागते.
- कॉम्पोझिट: दातासारखाच रंग, दुरुस्ती सोपी, खर्च तुलनेने कमी. काळानुसार थोडी झीज होते आणि रंग बदलू शकतो. चहा, तंबाखू यांचे डाग लवकर बसतात.
- सोने व इतर धातू: पातळ असूनही टिकाऊ. सोन्याचे काम समोरच्या दाताला कमी झिजवते. पण खर्च आणि दिसणे यांमुळे आज कमी वापर होतो.
- झिरकोनिया: फार मजबूत, मात्र दाताला चिकटवण्याची प्रक्रिया वेगळी असते. कॅपसाठी त्याचा वापर अधिक होतो.

'सर्वांत महाग ते सर्वांत चांगले' असे इथे नसते. मागची दाढ, दात खाण्याची सवय, समोर कोणता दात आहे, यावर निवड ठरते.

उपचार कसा होतो?

*पहिली भेट*

डॉक्टर दाढ तपासतात, एक्स-रे काढतात आणि थंड स्पर्श देऊन नस जिवंत आहे का ते पाहतात. मग बधिरतेचे इंजेक्शन देऊन जुने सिमेंट आणि कीड काढतात. या वेळी भेगा दिसतात. तपासणीत सांगितलेली योजना इथे बदलू शकते, कारण जुन्या सिमेंटखाली काय आहे हे ते काढल्यावरच कळते. डॉक्टरांनी आधी 'ऑनले' म्हणून नंतर 'रूट कॅनाल लागेल' असे सांगितले, तर लगेच फसवणूक समजू नका. मात्र कारण विचारा आणि एक्स-रे दाखवायला सांगा.

त्यानंतर दाढेला योग्य आकार देऊन माप घेतात. माप पेस्टने किंवा छोट्या कॅमेऱ्याने घेतले जाते. दाताचा रंग जुळवतात आणि खड्डा तात्पुरत्या सिमेंटने बंद करतात. या भेटीला साधारण एक तास लागतो. ओठ-जीभ बधिर असेपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, काही चावू नका. गाल चावला गेला तरी त्या वेळी कळत नाही.

*लॅबचे काम*

माप लॅबमध्ये जाते आणि ऑनले तयार होऊन येते. साधारण एक ते दोन आठवडे धरावेत. मशीन दवाखान्यातच असेल तर काम एका दिवसातही होते.

*दुसरी भेट*

तात्पुरते सिमेंट काढून ऑनले बसवून पाहतात. शेजारच्या दाताशी फट राहते का, हे दोऱ्याने तपासतात. मग बऱ्याचदा दाढेभोवती पातळ रबराचा पडदा लावतात. त्यामुळे लाळ आत येत नाही. दाढेवर सौम्य आम्लाची जेल, त्यानंतर चिकट द्रव आणि रेझिन सिमेंट लावून ऑनले चिकटवतात व निळ्या प्रकाशाने पक्के करतात. शेवटी रंगीत कागद चावायला देऊन उंची तपासतात. 'थोडे उंच लागते' असे वाटले, तर संकोच न करता तिथेच सांगा. उंच राहिलेली दाढ दुखते आणि ऑनलेला चीरही जाऊ शकते.

दुसरी भेट चुकवू नका

या उपचारात सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. तात्पुरत्या सिमेंटने दुखणे थांबते, दाढ बरी झाल्यासारखी वाटते आणि माणूस परत येत नाही. पण ते सिमेंट फक्त काही आठवडे टिकण्यासाठीच असते. ते विरघळते, कडेने लाळ आत जाते आणि कोरलेली, उघडी दाढ आधीपेक्षा वेगाने किडते. शिवाय दात थोडेथोडे सरकतात, त्यामुळे उशिरा गेल्यावर तयार झालेले ऑनले बसतही नाही. पुन्हा माप, पुन्हा खर्च.

नंदुरबार जिल्ह्यातून अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि इतर कामांना गुजरातेत किंवा दुसऱ्या जिल्ह्यांत जातात आणि अनेक महिने परतत नाहीत. तुम्ही जाणार असाल तर पहिल्याच भेटीत तसे स्पष्ट सांगा. मग डॉक्टर तारखा जवळ घेतील, किंवा या खेपेस भक्कम सिमेंट भरून ऑनलेचे काम परतल्यावर करतील. अर्धवट ऑनलेपेक्षा पूर्ण झालेले सिमेंट केव्हाही बरे.

तात्पुरते सिमेंट असताना त्या बाजूने कडक किंवा चिकट काही खाऊ नका. ते निघाले तर दोन दिवसांच्या आत दवाखान्यात कळवा.

किती वर्षे टिकते?

अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये केलेल्या पाहणीत सिरॅमिक इनले-ऑनले ५ वर्षांनी सुमारे ९५ टक्के आणि १० वर्षांनी सुमारे ९१ टक्के टिकून असल्याचे दिसले. बिघाड झालाच, तर तो बहुतेक वेळा सिरॅमिकला चीर जाणे, नसेचा त्रास किंवा कडेला पुन्हा कीड या कारणांनी होतो. ऑनलेला कीड लागत नाही, पण त्याच्या कडेच्या दाताला लागते. म्हणून टिकणे बरेचसे तुमच्या ब्रशवर अवलंबून आहे.

त्रास काय होऊ शकतो?

पहिले काही दिवस थंड लागणे किंवा चावताना हलकी कळ येणे नेहमीचे आहे. ते दिवसेंदिवस कमी व्हायला हवे. खोल खड्डा असेल तर काही दाढांच्या नसेला पुढे त्रास होऊन रूट कॅनाल लागू शकते. याची शक्यता डॉक्टरांकडून आधीच समजून घ्या.

लगेच डॉक्टरांना दाखवा, जर:

- दाढ आपोआप ठणकू लागली, रात्री झोप मोडली
- ऑनले हलले किंवा निघाले. ते डबीत ठेवून सोबत आणा
- हिरडीवर पुळी आली किंवा पू येऊ लागला

थेट रुग्णालयात जा, जर: गाल किंवा जबड्याखाली सूज वाढत असेल, ताप असेल, तोंड उघडता येत नसेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल. दाताचा संसर्ग गळ्यापर्यंत पसरल्याची ही लक्षणे असू शकतात.

घरी काय करू नये?

- निघालेला तुकडा फेविक्विकसारख्या गोंदाने चिकटवू नका.
- दुखऱ्या दाढेत तंबाखू किंवा मिश्री भरू नका. वेदनेची गोळी हिरडीवर ठेवू नका, तिथे भाजते. गोळी गिळायचीच असते.
- लवंगेच्या तेलाने कळ थोडा वेळ कमी होते, कीड थांबत नाही.
- धारदार कड जिभेला घासत असेल तर ती सहन करत राहू नका. दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे यांची तपासणी करून घ्या. तंबाखू, सुपारी खाणाऱ्यांनी तर नक्कीच.

डॉक्टरांना आधी काय सांगावे?

- सिकलसेल: नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांत हा आजार बऱ्याच जणांत आढळतो. संसर्ग, पाणी कमी पडणे आणि अंगावर काढलेली वेदना यांनी त्रासाचा झटका येऊ शकतो. तुमचे कार्ड सोबत न्या, भरपूर पाणी पिऊन जा. या रुग्णांत कधी कधी दात चांगला असूनही जबडा दुखतो, म्हणून नेमके निदान झाल्याशिवाय दात काढून घेऊ नका.
- मधुमेह: अलीकडचा साखरेचा रिपोर्ट दाखवा. उपाशी जाऊ नका.
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हृदयाची झडप बदललेली असणे: गोळ्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना फक्त कळवा.
- गर्भारपण: ठरवून करायचा उपचार साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात सोयीचा असतो. वेदना किंवा सूज असेल तर मात्र महिना न पाहता दाखवा.
- झोपेत दात खाणे: अशांना रात्री लावण्याचे संरक्षक कव्हर लागू शकते.

खर्च आणि ठिकाण

ऑनलेचा खर्च सिमेंटपेक्षा बराच जास्त आणि बऱ्याचदा कॅपच्या आसपास असतो, कारण त्यात लॅबचे काम येते. सुरू करण्याआधी एकूण आकडा लिहून घ्या: एक्स-रे, तात्पुरते सिमेंट, ऑनले, आणि गरज पडल्यास रूट कॅनाल वेगळे. पैसे आत्ता जमत नसतील तर तसे मोकळेपणाने सांगा. उंचवटे झाकून भरलेले चांगले कॉम्पोझिट सिमेंटही काही वर्षे दाढ सांभाळू शकते.

प्रत्येक दवाखान्यात हे काम होतेच असे नाही. शहादा-नंदुरबारकडील रुग्णांसाठी धुळ्याचे एसीपीएम दंत महाविद्यालय तुलनेने जवळ आहे. शासकीय दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. दंत महाविद्यालयांत शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार होतात. वेळ जास्त लागतो, पण खर्च सहसा कमी येतो. जाण्याआधी किती फेऱ्या लागतील ते विचारा आणि प्रवासाचा खर्च हिशोबात धरा. उपचार करणारी व्यक्ती बीडीएस किंवा एमडीएस असून महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणीकृत आहे, याची खात्री करा.

विचारण्याचे पाच प्रश्न

१. माझ्या दाढेचा किती चांगला भाग शिल्लक आहे? एक्स-रेवर दाखवाल का?
२. सिमेंट, ऑनले आणि कॅप यांपैकी तुम्ही हेच का सुचवता?
३. नस जिवंत आहे का? पुढे रूट कॅनाल लागण्याची शक्यता किती?
४. किती भेटी, किती दिवसांत, एकूण किती खर्च?
५. ऑनले निघाले किंवा तुटले तर काय करायचे?

नंतरची काळजी

फ्लोराइड असलेल्या पेस्टने दिवसातून दोनदा ब्रश करा, त्यातले एकदा रात्री झोपण्यापूर्वी. दोन दातांमधील जागा दोऱ्याने किंवा छोट्या ब्रशने साफ करा. सुपारी फोडणे, बाटलीचे झाकण उघडणे ही दातांची कामे नव्हेत. बट्टी खायला हरकत नाही, वरणात चुरून खा. सहा महिन्यांनी एकदा तपासणी करून घ्या.

आता पुन्हा त्या ताईंकडे. त्यांची दाढ दुखत नाही, याचा अर्थ ती बरी आहे असा नाही. नस अजून जिवंत आणि शांत आहे, म्हणजे दाढ कमीत कमी कोरून वाचवण्याची हीच वेळ आहे. दुखू लागेपर्यंत थांबले, तर हाच उपाय बहुधा हातातून जातो.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या दाढेसाठी योग्य उपचार प्रत्यक्ष तपासणीनंतर तुमचे दंतवैद्यच ठरवू शकतात.*